रोल कुठून येतो, कोण विकतं आणि घेताना काय पाहावं

प्रश्न असा आहे: कोडॅक गोल्ड या कॅमेऱ्याच्या रंगीत फिल्मचा तोच ३६ फोटोंचा रोल एका दुकानात एका भावाला, दुसरीकडे दीडपट भावाला, आणि मधले दोन-तीन महिने कुठेच नाही. असं का होतं, आज फिल्म नक्की विकतं कोण, आणि महाराष्ट्रात राहून फसगत न होता ती कशी घ्यायची?

आधी एक सवय बदलायला हवी. १९९५ च्या सुमारास रोल साबणाच्या वडीसारखा मिळायचा. स्टेशनबाहेरचा स्टुडिओ, थंड हवेच्या ठिकाणची टपरी, कुठेही. माल इतका भराभर खपायचा की तो कुणाकडे किती दिवस पडून होता हे विचारायची गरजच पडत नसे. आज रोल औषधासारखा घ्यावा लागतो. त्याला बॅच आहे, मुदत आहे, थंड जागा लागते, आणि कारखान्यातून निघाल्यापासून तो कुणाकुणाच्या हातातून गेला यावर फोटोंचं नशीब ठरतं. ब्रँड आणि भाव त्यानंतर.

बनवणारे मोजकेच उरले आहेत. रंगीत निगेटिव्हचा मोठा वाटा अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या ईस्टमन कोडॅकच्या कारखान्यातून येतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये इंग्लंडच्या मॉबर्ली गावातली हार्मन टेक्नॉलॉजी, म्हणजे इल्फर्ड आणि केंटमिअर या नावांमागची कंपनी, आणि चेक प्रजासत्ताकातली फोमा. जपानची फ्युजीफिल्म आहे, पण फिल्ममधला तिचा आजचा मोठा धंदा इन्स्टॅक्सचा, म्हणजे कॅमेऱ्यातून लगेच बाहेर येणाऱ्या फोटोंचा. हार्मननं डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्स २०० ही रंगीत फिल्म आणली आणि चीनच्या लकीनं २०२५ मध्ये सी२०० बाजारात उतरवली. भारतात उटीला १९६० साली स्थापन झालेली सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, 'इंदू' नावानं ती फिल्म विकायची. तो कारखाना बंद झाला. त्यामुळे आज तुमच्या हातात येणारा प्रत्येक रोल आयात केलेला असतो, आणि भावातल्या चढउताराचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

कोडॅकच्या बाबतीत अजून एक गुंता आहे. जानेवारी २०१२ मध्ये ईस्टमन कोडॅकनं दिवाळखोरीसंरक्षण मागितलं. त्यातून बाहेर पडताना, २०१३ मध्ये, स्टिल फिल्म विकण्याचा धंदा कंपनीच्या ब्रिटनमधल्या पेन्शन योजनेकडे गेला आणि त्यातून कोडॅक अलारिस ही वेगळी कंपनी उभी राहिली. त्यानंतर बरीच वर्षं बनवणारा एक आणि विकणारा दुसरा, अशी रचना होती: फिल्म रॉचेस्टरला बनते, पोर्ट्रा, गोल्ड, ट्राय-एक्स ही नावं अलारिसनं जगभरच्या वितरकांना विकायची. सिनेमाची फिल्म मात्र ईस्टमन कोडॅक स्वतःच विकत राहिली. २०२४ मध्ये अलारिस एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीनं घेतली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ईस्टमन कोडॅकनं कोडाकलर १०० आणि २०० या नावांनी रोल थेट वितरकांना द्यायला सुरुवात केली, दहा वर्षांहून जास्त काळानंतर पहिल्यांदा. म्हणून दुकानात कोडॅकचीच, पण दोन वेगळ्या वाटांनी आलेली फिल्म दिसली तर ती नकली समजू नका.

तुटवडा का पडतो हे समजायला कारखान्याचा आवाका डोळ्यांसमोर आणा. फिल्म रोल-रोल करून बनत नाही. सुमारे १.३७ मीटर रुंदीच्या लांबलचक पट्ट्यावर, पूर्ण अंधारात, एकावर एक थर चढवले जातात. मग तो पट्टा उभा चिरून ३५ मिमीच्या पट्ट्या काढतात, भोकं पाडतात, डबीत गुंडाळतात. एवढ्या रुंदीतून साधारण ३८ पट्ट्या निघतात आणि ३६ फोटोंच्या एका रोलला १.६ मीटरच्या आसपास फिल्म लागते. म्हणजे पट्ट्याच्या दर किलोमीटरमागे वीस हजारांहून जास्त रोल. एकदा यंत्र चालू केलं की माल थोडा निघतच नाही, म्हणून कमी खपाची फिल्म रोज बनवणं परवडत नाही. ती मधूनमधून बनते, आणि मधल्या काळात साठा संपला की संपला. त्यात चिरणं-गुंडाळणं-भरणं ही वेगळी अडचण असते. थर चढवलेली फिल्म तयार असूनही भरायला यंत्र मोकळं नसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोडॅकनं सुधारणांसाठी रॉचेस्टरचं उत्पादन काही आठवडे थांबवलं होतं. अशा वेळी आधी मोठ्या वितरकांच्या ऑर्डरी पुऱ्या होतात, आपल्यासारख्या छोट्या बाजाराचा नंबर उशिरा लागतो.

खोक्यावरचं नाव आणि आतला कारखाना हे एकच असतील असंही नाही. फ्युजीच्या २०० आणि ४०० च्या परदेशात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच खोक्यांवर 'मेड इन यूएसए' असतं. निओपॅन अॅक्रॉस १०० टू ही फ्युजीची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, तिच्यावर ब्रिटनचं नाव असतं. यात लबाडी काही नाही. स्वतःची यंत्रं बंद झाली की कंपन्या दुसऱ्याकडून करून घेतात. पण नावासाठी जास्त पैसे मोजण्याआधी खोक्याची मागची बाजू वाचावी.

आता आपल्याकडची साखळी. कंपनी किंवा तिचा आशियातला वितरक, मग भारतातला आयातदार, मग मोठ्या शहरातला विक्रेता, मग तुम्ही. मुंबईत फोर्टातली बोरा बाजारची कॅमेऱ्याची दुकानं अजून ठिकाण म्हणून टिकून आहेत, पण बहुतेक रोल आज दोनच प्रकारच्या जागी खपतात: ऑनलाइन विकणारे छोटे दुकानदार आणि रोल धुऊन स्कॅन करून देणाऱ्या लॅब. माझं मत विचाराल तर लॅबकडून घ्यावा. कारण तिथे माल फिरता असतो, फ्रिज असतो, आणि विकलेल्या रोलचं काय झालं ते त्यांना दोन आठवड्यांत धुताना स्वतःच दिसतं. बॅच बिघडलेली असली तर सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं.

भाव वेगळा का, याची कारणं साधी आहेत. एकाकडे मागच्या वर्षीच्या रुपया-डॉलर भावाचा साठा असतो, दुसऱ्याकडे कालची खेप. एकानं सरळ कस्टम भरून आणलेला असतो, दुसऱ्याकडे कुणाच्या तरी बॅगेतून दुबई-सिंगापूरहून आलेला. हा फरक ओळखायची खूण खोक्यावरच असते. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं किंवा चिकटवणं वजनमाप कायद्याच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. हा स्टिकर असेल तर रोल सरळ, अधिकृत मार्गानं आला. नसेल तर तो नकलीच आहे असं नाही, पण काही बिघडलं तर जबाबदारी घेणारा कुणी नाही. त्या रोलला अधिकृत मालाइतकाच भाव देऊ नका. आणि स्टिकरवरच्या कमाल किमतीपेक्षा जास्त भाव तर कुणालाच मागता येत नाही, 'माल शॉर्ट आहे' म्हणूनसुद्धा नाही.

सुटे रोल घेताना एक फट आहे. पोर्ट्रा १६० आणि ४०० चे रोल पाचाच्या खोक्यात भरलेले येतात. दुकानदार खोका फोडून एकेक विकतो, ते ठीकच आहे, कारण प्रत्येकाला पाच परवडत नाहीत. पण मुदत आणि बॅच खोक्यावर असते, आतल्या ३५ मिमीच्या डबीवर सहसा मुदत छापलेली नसते. म्हणून सुटा रोल घेताना बाहेरच्या खोक्याचा फोटो मागावा: ज्या बाजूला मुदत आणि तिच्याशेजारी इमल्शन नंबर, म्हणजे बॅचचा नंबर, छापलेला असतो ती बाजू. सरळ दुकानदार लगेच पाठवतो. १२० चा, म्हणजे डबीऐवजी कागदासह गुंडाळलेला रुंद रोल असेल तर चंदेरी पाकीट फाटलेलं नाही, चिकटपट्टी सुटलेली नाही हे पाहा.

सगळ्यात जास्त फसगत मात्र सिनेमाच्या फिल्ममध्ये होते, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. कोडॅकच्या व्हिजन३ मालिकेतल्या फिल्म, म्हणजे ५०डी, २५०डी, २००टी, ५००टी, ४०० किंवा १००० फुटांच्या डब्यांत येतात. शूटिंगनंतर उरलेले तुकडे, ज्यांना धंद्यात शॉर्ट एंड म्हणतात, विकले जातात आणि छोटे विक्रेते ते अंधारात ३५ मिमीच्या डब्यांत भरून विकतात. ४०० फुटांतून सत्तरच्या वर रोल निघतात, म्हणून ते स्वस्त पडतात. यात गैर काहीच नाही. गैर होतं ते न सांगता विकण्यात.

पहिली अडचण पाठीवरच्या काळ्या थराची. या फिल्मच्या मागे काजळीचा एक थर असायचा, त्याला रेमजेट म्हणतात. ही फिल्म सी-४१, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत नाही, ईसीएन-२ या वेगळ्या प्रक्रियेत धुवायची असते, आणि तिथे तो थर आधी अल्कलीच्या द्रावणात मऊ करून पुसून काढतात. ती कुणी न सांगता नेहमीच्या लॅबमध्ये दिली की काजळी डेव्हलपरच्या टाकीत सुटते, रोलरला चिकटते आणि त्यामागून येणाऱ्या इतरांच्या रोलवर काळे ठिपके बनून बसते. त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचे रोल त्या टाकीत असू शकतात. म्हणून विकणाऱ्यानं सांगितलं नाही तर घेणाऱ्यानं विचारायलाच हवं: रेमजेट आहे का, काढलेला आहे का, आणि धुवायचा कुठे? २०२५ पासून कोडॅकनं रेमजेटऐवजी आतच बसणारा थर असलेली व्हिजन३ आणली आहे, तिला काजळीचा त्रास नाही. पण जुना माल बाजारात फिरतोच आहे आणि दोन्हींना नाव एकच.

ओळखायचं कसं? डबीतून बाहेर असलेल्या फिल्मच्या टोकाची, म्हणजे जिभेची, पाठ उजेडात बघा. साध्या फिल्मची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असते. रेमजेटची पाठ पाटीसारखी काळी आणि निस्तेज. शंका असेल तर पाव कप कोमट पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा, एक थेंब जिभेच्या टोकाला पाठीमागे लावा, अर्धा मिनिट थांबा आणि अंगठ्यानं चोळा. अंगठा काळा झाला तर रेमजेट आहे. टोक पुसून कोरडं करा, ते तसंही वाया जाणारंच असतं.

दुसरी अडचण डबीची. भरणारे बरेचदा लॅबमधून जमवलेल्या रिकाम्या डब्या वापरतात: जुन्या रोलचा बोटभर तुकडा बाहेर ठेवलेला असतो, त्याला नवी फिल्म टेपनं जोडतात. डबीवर चंदेरी-काळ्या चौकटींचा डीएक्स कोड असतो, त्यावरून कॅमेरा आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, ठरवतो. गोल्ड २०० च्या डबीत ५००टी भरली आणि वर नुसता कागद चिकटवला, पण चौकटी उघड्या राहिल्या, तर कॅमेरा २०० च धरणार. चौकटी झाकल्या असतील तर बरेचसे ऑटोमॅटिक कॅमेरे १०० धरतात. एक-दोन स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) निगेटिव्ह सोसतं, पण शटर जास्त वेळ उघडं राहिल्यानं घरात संध्याकाळी फोटो हलतात आणि दोष फिल्मला जातो. शिवाय नावातला डी म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी, आणि टी म्हणजे टंगस्टन, पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी बनवलेली. भर दुपारी ती निळसर येते. नारिंगी ८५ फिल्टर लावून ५००टी ३२० वर वापरावी, किंवा स्कॅन करताना दुरुस्त करावी. टेपचा जोड कच्चा असेल तर शेवटच्या फोटोनंतर जोर लावून लिव्हर ओढला की फिल्म डबीपासून सुटते आणि मागे गुंडाळताच येत नाही. तेव्हा कॅमेरा उघडायचा नाही, तसाच लॅबला द्यायचा, ते अंधारात काढतात. धुतल्यावर कडेला नेहमीच्या १, १ए या आकड्यांऐवजी ५२१९ दिसला तर ती ५००टी. ५२०७ म्हणजे २५०डी, ५२१३ म्हणजे २००टी, ५२०३ म्हणजे ५०डी. 'आमची स्वतःची खास फिल्म' म्हणून विकलेला रोल नेमका काय होता, हे त्या कडेवर लिहिलेलं असतं.

साठवणूक. दुकानात शिरल्यावर रोल काचेच्या कपाटात, वरून दिव्याचा झोत, शेजारी दार उघडं असं दिसलं तर परत फिरा. साधी रंगीत फिल्म २१ अंशांच्या खाली आणि प्रोफेशनल १३ च्या खाली ठेवावी असा कोडॅकचा सल्ला आहे. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात एसी नसलेल्या दुकानातला रोल मुदत शिल्लक असूनही म्हातारा झालेला असतो: सावल्या धूसर, रंग किरमिजीकडे झुकलेले. फ्रिज शक्य नसेल तर प्रो इमेज १०० बघा. ती फिल्म कोडॅकनं उष्ण आणि दमट बाजारांसाठीच काढली होती आणि खोलीच्या तापमानाला ती जास्त तग धरते. आपल्याकडे ती उगीच दुर्लक्षित आहे.

घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवताना प्लॅस्टिकची डबी उघडू नका. कारखान्यात कोरड्या हवेत बंद केलेली ती हवाच रोलचं रक्षण करते. बाहेर काढल्यावर बंद डबीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या: १२० ला अर्धा ते एक तास, ३५ मिमीला एक ते दीड, फ्रीझरमधून काढला असेल तर दोन-तीन तास. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये घाई केली की थंड फिल्मवर दव धरतं. १२० मध्ये तर पाठीच्या कागदावरचे आकडे आणि ठिपके फोटोत उमटू शकतात. आणि फोटो काढून झालेला रोल परत फ्रिजमध्ये साठवत बसण्यापेक्षा लवकर धुवायला द्या. वर्षभराची खरेदी करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, तेव्हा कुरिअरच्या गाड्यासुद्धा तापलेल्या नसतात.

परदेशातून स्वतः मागवायचं असेल तर दोन गोष्टींचा हिशेब आधी करा. एक कर: गुंडाळलेली फिल्म कस्टमच्या ३७०२ या शीर्षकाखाली येते आणि पार्सलवर ड्युटी, जीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी खर्च पडतो. परदेशातून आलेल्या भेटवस्तूंची करमाफी डिसेंबर २०१९ मध्ये काढली गेली, त्यामुळे 'गिफ्ट' लिहून उपयोग नाही. चार-पाच रोलसाठी हे बहुधा इथल्याच भावाला येऊन पडतं. दुसरं, तपासणीची यंत्रं. विमानतळांवर आता येत असलेली सीटी स्कॅनर जुन्या एक्स-रेपेक्षा पुष्कळ जास्त मारा करतात आणि एका फेरीतही फिल्मवर धुकं आणू शकतात. चेक-इन बॅगेची यंत्रं तर कायमच जोरदार. अमेरिकेतला भाऊ किंवा लंडनची मावशी रोल आणणार असेल तर त्यांना स्पष्ट सांगा: हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, बाकीच्या सामानापासून वेगळे, आणि रांगेत उभं राहतानाच हातानं तपासायची विनंती. अमेरिकेत ती सहसा मान्य होते. आपल्याकडे ते त्या अधिकाऱ्यावर आहे, नम्रपणे मागा आणि गर्दीच्या वेळा टाळा. जुन्या एक्स-रेमधून ८०० च्या खालचे रोल एक-दोनदा गेले तर घाबरायचं कारण नाही.

इन्स्टॅक्सची गोष्ट निराळी. ती मोबाइलच्या दुकानात, भेटवस्तूंच्या दुकानात, सगळ्या मोठ्या ऑनलाइन बाजारांत मिळते, दहाचं किंवा वीसचं पॅक. खप भरपूर असल्यानं माल ताजा असतो. ती थंड ठेवावी, फ्रीझरमध्ये मात्र नाही, कारण रसायनाच्या पिशव्या गोठतात. पोलरॉइड आठाच्या पॅकमध्ये येते आणि तिच्यावर बनवल्याची तारीख असते. वर्षाच्या आतली घ्या.

मुदत संपलेले रोल स्वस्तात मिळतात, आणि ब्लॅक अँड व्हाइट असेल तर पाच-सात वर्षं जुना रोलही चालून जातो. रंगीत निगेटिव्हला उलटलेल्या दर दहा वर्षांमागे एक स्टॉप उजेड जास्त द्यायचा, हा ढोबळ नियम थंड देशांतला आहे. आपल्या हवेत माळ्यावर पडलेल्या रोलला तो पुरत नाही. स्लाइडला, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचं चित्र देणाऱ्या फिल्मला, तर तो लागूच होत नाही. मुदत संपलेली स्लाइड फिल्म 'फ्रिजमध्ये होती' असं नुसतं ऐकून घेऊ नका.

ब्लॅक अँड व्हाइट नियमित काढत असाल तर १०० फुटांचं, म्हणजे ३०.५ मीटरचं रीळ घ्या. बल्क लोडरनं, म्हणजे रीळ अंधारात ठेवून त्यातून डब्या भरायच्या पेटीनं, त्यात ३६ फोटोंचे अठरा रोल निघतात. प्रत्येक रोलचं शेवटचं टोक उजेडात जोडलेलं असतं, त्यामुळे शेवटचे दोन फोटो गृहीत धरू नका. डबी पाच-सहा वेळांहून जास्त वापरू नका. तोंडाच्या मखमलीत कण अडकला की सगळ्या रोलवर लांब ओरखडा येतो. विचित्र मापाची फिल्म किंवा मोठ्या कॅमेऱ्याचे नेहमीपेक्षा वेगळ्या मापाचे शीट (फिल्मचे सुटे तुकडे) हवे असतील तर इल्फर्ड वर्षातून एकदा त्यांच्या ऑर्डरी घेतं, त्या विक्रेत्यामार्फतच नोंदवाव्या लागतात.

पैसे घेऊन काम करत असाल तर सगळे रोल एकाच इमल्शन नंबरचे घ्या, एक-दोन जास्तीचे धरून. त्यातला एक आधी घराबाहेर, सकाळी दहाच्या सुमारास, ओळखीच्या चेहऱ्यावर आणि पांढऱ्या भिंतीवर काढा, एक स्टॉप कमी, बरोबर, एक स्टॉप जास्त असा. तो ज्या लॅबला खरं काम देणार आहात तिथेच धुवा आणि स्कॅनबरोबर निगेटिव्हही परत मागा. उजेडावर धरल्यावर फोटोंच्या मधली कोरी पट्टी साधी नारिंगी दिसायला हवी. ती गढूळ तपकिरी किंवा कडेला जास्त गडद दिसली तर उरलेला खोका बिल आणि त्या निगेटिव्हसह दुकानदाराकडे परत घेऊन जा, एकही रोल न उघडता.